ज्या भाषेसाठी मार खाल्ला, त्याच भाषेने रेडिओ चालवला : नवाहो कोड टॉकर्स आणि मेरिटचा प्रश्न



दरवर्षी १ जानेवारी जवळ आली की एक प्रश्न हमखास आपल्या अंगावर फेकला जातो. "तुमचे लोक इंग्रजांच्या सैन्यात होते. परक्यांसाठी लढलात, त्याचा कसला अभिमान बाळगता?" आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलाला त्याच्या वर्गमित्रांनी हेच विचारले. तो माझ्याकडे आला आणि जाता जाता त्याने दुसरा प्रश्नही टाकला, "सर, आणि ते मेरिट मेरिट करतात, त्याचं काय सांगायचं?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या इतिहासात आहेत. पण आपले दुखणे दुसऱ्याच्या अंगावर पाहिले की ते अधिक स्पष्ट दिसते. म्हणून त्या दिवशी मी वर्गात अमेरिकेतील नवाहो आदिवासींचा इतिहास सांगितला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे रेडिओ ज्यांनी चालवले त्या लोकांचा. तोच इथे जरा सविस्तर मांडतो आहे.

रेडिओची अडचण काय होती?

आधी तांत्रिक बाजू समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय या लोकांनी नेमके काय केले ते कळत नाही.

पहिल्या महायुद्धात खंदकांमधून टेलिफोनच्या तारा टाकल्या जात. फौज एका जागी बसलेली असेल तर तार चालते. दुसऱ्या महायुद्धात मात्र फौज सतत हलत होती. बोटीतून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून जंगलात, जंगलातून डोंगरावर. तार टाकायला वेळ नाही आणि टाकलीच तर तोफेच्या एका गोळ्याने तुटते. त्यामुळे सगळा भार बिनतारी संचावर आला. मरीन सैनिक वापरत असलेला टीबीएक्स नावाचा संच चांगलाच जड होता. त्याचे जनित्र हाताने फिरवावे लागे. एकाने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने बोलायचे.

हा रेडिओ म्हणजे आपला मोबाइल नव्हे. एका तुकडीतले सगळे संच एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. या गटाला सैन्यात 'नेट' म्हणतात. बटण दाबले की बोलता येते, सोडले की ऐकता येते. दोन्ही एकाच वेळी होत नाही. एक बोलत असेल तर बाकी सगळ्यांनी गप्प राहायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते. म्हणून 'ओव्हर' म्हणायची पद्धत पडली आणि कोणी कधी बोलायचे हे ठरवणारे एक नियंत्रण केंद्र नेमले जाऊ लागले. पुढे १९७१ साली हवाई विद्यापीठात आलोहानेट नावाचे बिनतारी संगणक जाळे सुरू झाले, तेव्हा याचे गणितही मांडले गेले. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा संदेश पाठवायचा असे ठरवले, तर वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्के कामी येते, बाकी एकमेकांवर आदळण्यात आणि वाट पाहण्यात जाते. आपल्या चळवळीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

म्हणजे गट जितका मोठा, तितकी प्रत्येकाची पाळी उशिरा. यावर उपाय एकच, जे बोलायचे ते थोडक्यात आणि एकदाच बोलायचे. पण इथे दुसरी अडचण उभी राहते. हवेत सोडलेला आवाज आपल्या गटाला जसा ऐकू येतो तसाच शत्रूलाही ऐकू येतो. आणि जपानी सैन्यात उत्तम इंग्रजी जाणणारे लोक होते. उघड इंग्रजीत बोलले की तोफखाना कुठे डागणार, कुमक कुठून येणार, हे समोरच्याला आधीच कळणार. संदेश सांकेतिक केला तर तो सुरक्षित होतो, पण आधी लिहा, यंत्रातून काढा, अक्षर अक्षर पाठवा, पलीकडे पुन्हा यंत्रातून काढा, यात वेळ जातो. गोळीबार चालू असताना अर्धा तास उशिरा पोचलेला संदेश बहुतेक वेळा निरुपयोगी असतो.

वेग हवा तर गुप्तता जाते, गुप्तता हवी तर वेग जातो. हलत्या फौजेच्या गटसंवादातला हा पेच सुटायला माणसे लागली. ती माणसे अमेरिकेला कुठे सापडली?

आधी हद्दपार, मग शाळेत साबण

नवाहो स्वतःला 'दिने' म्हणवतात. आजच्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांच्या सीमेवर त्यांचा मुलूख आहे. १८६३-६४ साली अमेरिकन सैन्याने किट कार्सनच्या हाताखाली त्यांच्यावर मोहीम काढली. उभी पिके जाळली, मेंढ्या मारल्या, कॅनियन दे शेली या दरीतल्या पीचच्या बागा तोडल्या. उपासमारीने शरण आलेल्या लोकांना शेकडो मैल चालवत बोस्के रेडोंडो नावाच्या ओसाड छावणीत नेऊन कोंडले. या हद्दपारीला ते 'लाँग वॉक' म्हणतात. ८,००० हून अधिक लोक तिथे कोंडले गेले. भूक, थंडी आणि रोगराईने त्यातले असंख्य मेले. १८६८ च्या तहानंतर उरलेल्यांना आपल्या मुलखाच्या एका भागात परत जाऊ दिले.

त्यानंतर आली शाळा. १८७९ साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने कार्लाइल येथे आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली आणि तोच नमुना देशभर पसरला. मुलांमधला इंडियन मारून टाकायचा आणि माणूस तेवढा वाचवायचा, अशा अर्थाचे प्रॅटचे १८९२ सालचे भाषण प्रसिद्ध आहे. मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात आणि मातृभाषेतला एक शब्द तोंडातून निघाला तरी शिक्षा होई. चेस्टर नेझ हे पुढे पहिल्या कोड टॉकर्सपैकी एक झाले. शाळेत नवाहो बोलल्याबद्दल आपले तोंड कपडे धुण्याच्या साबणाने घासले गेले, असे त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. 'चेस्टर' हे नावही त्यांचे नव्हे, शाळेने दिलेले.

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेतील सर्व आदिवासींना नागरिकत्व मिळाले. पण ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोमध्ये त्यांना मतदानाचा हक्क नव्हता. १९२८ साली ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर निकाल दिला की हे लोक सरकारच्या पालकत्वाखाली आहेत, म्हणून ते मत देऊ शकत नाहीत. म्हणजे प्रौढ माणसाला कायद्याने अज्ञान बालक ठरवले. १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाखाली सरकारने त्यांच्या मेंढ्या-बकऱ्यांचे कळप सक्तीने कमी केले आणि अनेक घरांचे पोटच गेले.

१९४२ साली अमेरिकन सैन्याला रेडिओसाठी माणसे हवी होती, तेव्हा नवाहोंची स्थिती ही होती.

संकेत कोणी तयार केला?

फिलिप जॉन्स्टन हा मिशनऱ्याचा मुलगा. नवाहो मुलखात वाढल्यामुळे त्याला ती भाषा येत होती. पहिल्या महायुद्धात चोक्टॉ आदिवासी सैनिकांनी आपल्या भाषेतून टेलिफोनवर संदेश पाठवल्याचा अनुभव अमेरिकन सैन्याकडे होताच. जॉन्स्टनने मरीन कोअरला नवाहो भाषा सुचवली आणि १९४२ च्या सुरुवातीला जनरल क्लेटन व्होगेल यांच्यासमोर चाचणी झाली. अमेरिकन नौदलाच्या इतिहास विभागाने नोंदवलेली तुलना अशी आहे : तीन ओळींचा इंग्रजी संदेश सांकेतिक करणे, पाठवणे आणि उलगडणे हे काम नवाहो माणसांनी २० सेकंदांत केले. त्या काळच्या यंत्रांना त्याच कामाला ३० मिनिटे लागत.

पुष्कळ लेखांत इथे जॉन्स्टनचे कौतुक करून विषय संपतो. प्रत्यक्षात जॉन्स्टनने कल्पना दिली. संकेत तयार केला तो मे १९४२ मध्ये भरती झालेल्या २९ नवाहो तरुणांनी. हे तरुण आले कुठून? फोर्ट विंगेटसारख्या निवासी शाळांमधून. भाषा मारण्यासाठी काढलेल्या शाळांच्या दारात सरकार तीच भाषा मागायला गेले.

या २९ जणांनी काय केले ते नीट पाहा. त्यांनी नुसती आपली मातृभाषा बोलून दाखवली नाही. लष्करी शब्दांसाठी नवाहो शब्द ठरवले. रणगाड्याला कासव, पाणबुडीला लोखंडी मासा, युद्धनौकेला देवमासा, लढाऊ विमानाला गुंजन पक्षी, बॉम्बला अंडी, हातबॉम्बला बटाटे. अमेरिकेसाठी शब्द ठरला 'आपली आई'. ज्या शब्दांना संकेत नाही ते अक्षरे लावून सांगायचे. इंग्रजी 'ए' अक्षरासाठी त्या अक्षराने सुरू होणारा इंग्रजी शब्द 'अँट' घ्यायचा आणि त्याचा नवाहो शब्द 'वोलाची', म्हणजे मुंगी, उच्चारायचा. पुढे लक्षात आले की एकच शब्द वारंवार आला तर शत्रू त्यावरून अंदाज बांधू शकतो. मग 'ए'साठी मुंगी, सफरचंद आणि कुऱ्हाड असे तीन पर्याय केले, तसेच नेहमी लागणाऱ्या इतर अक्षरांनाही दिले. सुरुवातीला २११ शब्द होते, युद्ध संपेपर्यंत ४११ झाले. हे सगळे पाठ करायचे. रणांगणावर वही न्यायची नाही.

आजच्या संगणकशास्त्रात सैनिकी बिनतारी जाळ्यांचा अभ्यास करताना 'ग्रुप की' हा मोठा प्रश्न असतो. गटातल्या सर्वांकडे एकच किल्ली असावी लागते आणि एकाची किल्ली शत्रूच्या हाती पडली तर सगळा गट उघडा पडतो. या तरुणांनी ती किल्ली डोक्यात ठेवली होती. कागदच नाही, तर पकडणार काय?

मेरिटचे मोजमाप

१९ फेब्रुवारी १९४५ रोजी मरीन सैनिक इवो जिमा बेटावर उतरले. ५ व्या मरीन डिव्हिजनचे सिग्नल अधिकारी मेजर हॉवर्ड कॉनर यांच्याकडे पहिले दोन दिवस सहा नवाहो कोड टॉकर्स रात्रंदिवस रेडिओ चालवत होते. त्या दोन दिवसांत ८०० हून अधिक संदेशांची देवघेव झाली आणि एकही चूक झाली नाही. नवाहो नसते तर मरीन सैन्याला इवो जिमा जिंकता आले नसते, असे कॉनर यांनीच पुढे सांगितले.

थोडा हिशोब करू. ४८ तासांत ८०० संदेश म्हणजे दर साडेतीन मिनिटांनी एक, तोही न थांबता, गोळीबारात, झोपेशिवाय. हेच संदेश यंत्राने प्रत्येकी अर्ध्या तासात करायचे म्हटले तर ४०० तासांचे काम झाले असते. युद्धानंतर जपानचे गुप्तचर प्रमुख लेफ्टनंट जनरल सेइझो अरिसुए यांनी मान्य केले की अमेरिकन हवाई दलाचे संकेत आम्ही फोडले होते, मरीनचे मात्र फोडता आले नाहीत.

आता इथे एक सापळा आहे, तो ओळखला पाहिजे. "या लोकांना निसर्गतःच देणगी असते", "त्यांची भाषाच गूढ", असे कौतुक अमेरिकेत खूप झाले. वरवर ते गोड वाटते. पण यात माणसाचे कष्ट पुसले जातात. याचा पुरावा एका नवाहो सैनिकाच्याच आयुष्यात आहे. जो कियोमिया हे फिलिपाइन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडले होते. ते नवाहो आहेत असे कळल्यावर जपान्यांनी रेडिओवर पकडलेले संदेश त्यांना ऐकवले आणि अर्थ सांगा म्हणून त्यांचा छळ केला. पण त्यांनी कोड टॉकरचे प्रशिक्षण घेतलेले नव्हते. त्यांना कासव, बटाटे, मुंगी असे सुटे शब्द कळले, संदेश कळला नाही. अस्सल नवाहो बोलणाऱ्यालाही जो संकेत उलगडला नाही, तो जन्माने कसा आलेला असेल? तो शिकून, पाठ करून, सराव करून आलेला होता. दोन भाषा, लष्करी परिभाषा, संच चालवण्याचे तंत्र आणि एकमेकांवरचा विश्वास, हे सगळे त्यात होते.

आपल्याकडे मेरिट जन्माला चिकटवले जाते. अमुक जातीच्या रक्तात विद्या, तमुक जातीच्या रक्तात शौर्य आणि आमच्या रक्तात काहीच नाही. 'जन्मजात देणगी'चे कौतुक आणि 'जन्मजात नालायकी'ची शिवी ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. २० सेकंद विरुद्ध ३० मिनिटे या आकड्यांतून एकच निष्कर्ष निघतो. संधी आणि प्रशिक्षण मिळाले तर शाळेने अडाणी ठरवलेला मुलगा त्या काळच्या यंत्राला मागे टाकतो. आणि दुसरी गोष्ट, मेरिट मोजण्याची पट्टी कोण धरतो यावर बरेच अवलंबून असते. शाळेच्या पट्टीवर नवाहो भाषा शून्य गुणांची होती. रेडिओच्या पट्टीवर तिच्या जवळपास काहीच नव्हते. भाषा तीच, मुलेही तीच.

युद्ध संपले. मग?

१९४५ पर्यंत सुमारे ५४० नवाहो तरुण मरीन सैन्यात गेले होते. त्यातल्या सुमारे ४०० जणांना कोड टॉकरचे प्रशिक्षण मिळाले. ते घरी परतले तेव्हा त्यांना बजावले गेले की या कामाबद्दल कुठेही बोलायचे नाही. संकेत पुढेही वापरता येईल म्हणून तो गुप्त ठेवला होता. १९६८ साली गुप्तता उठेपर्यंत, म्हणजे तब्बल २३ वर्षे, हे लोक घरातही सांगू शकले नाहीत की आम्ही युद्धात काय केले.

आणि मत? ज्या देशाला त्यांनी संकेतात 'आई' म्हटले, त्या देशात ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा नवाहो सैनिक मत देऊ शकत नव्हता. हा हक्क सैन्यातल्या सेवेचे बक्षीस म्हणून चालत आला नाही. १९४८ साली फोर्ट मॅकडॉवेल येथील यावापाई समाजाचे फ्रँक हॅरिसन आणि हॅरी ऑस्टिन ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा १९२८ चा निकाल रद्द झाला. हॅरिसन हे महायुद्धातून परतलेले सैनिक होते. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोमध्ये मिगेल त्रुहियो या प्युब्लो समाजातल्या माजी मरीन सैनिकाने खटला लढवून तिथली बंदी मोडली. युटाची बंदी १९५७ पर्यंत टिकली.

तरीही ॲरिझोनात इंग्रजी वाचता येण्याची अट राहिलीच. ज्यांच्या भाषेने युद्धात रेडिओ चालवला, त्यांच्या आई-वडिलांना इंग्रजी येत नाही म्हणून मतदान केंद्रावरून परत पाठवता येत होते. १९७० साली केंद्रीय कायद्याने साक्षरतेच्या अशा अटी देशभर बंद केल्या आणि १९७५ च्या दुरुस्तीने आदिवासी भाषांतून मतदाराला मदत देणे बंधनकारक झाले. रेडिओवर नवाहो भाषा १९४२ साली पोचली. मतदान केंद्रावर पोचायला तिला आणखी ३३ वर्षे लागली.

सन्मान त्याहून उशिरा आला. १९८२ साली १४ ऑगस्ट हा कोड टॉकर्स दिन जाहीर झाला. २००१ साली पहिल्या २९ जणांना काँग्रेसचे सुवर्णपदक दिले, तेव्हा त्यातले पाच जण हयात होते. २००२ साली 'विंडटॉकर्स' नावाचा मोठा हॉलिवूडपट आला आणि त्याचा नायक गोरा सार्जंट! चेस्टर नेझ, पहिल्या २९ पैकी शेवटचे, २०१४ साली गेले. आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकन सैन्याच्या संकेतस्थळांवरून 'विविधता' मोहिमेविरुद्धच्या साफसफाईत कोड टॉकर्सवरचे लेखच काढून टाकले गेले. आरडाओरडा झाल्यावर ते परत आले. पदक दिले म्हणून इतिहास सुरक्षित झाला असे कुणी समजू नये.

आता आपल्याकडे वळू

१८९२ हे साल पुन्हा आठवा. प्रॅटने ते भाषण केले त्याच वर्षी हिंदुस्थानात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत पुढे करून. ज्या सैन्याच्या मुंबई पलटणीत महार पिढ्यानपिढ्या होते, १८१८ ला कोरेगावला ज्यांनी रक्त सांडले, ते एका आदेशाने लढायला नालायक ठरले. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी लावून धरली. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडली आणि १९१७ साली अचानक १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ ला पलटण मोडली. गरज पडली की लढाऊ, गरज संपली की अस्पृश्य. १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बोधचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता.

मग आता त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. इंग्रजांसाठी का लढलात? नवाहोंनाही हाच प्रश्न विचारता येईल. ज्या सैन्याने आजोबांच्या बागा तोडल्या त्या सैन्यात नातू का गेला? प्रश्न विचारणाऱ्याने आधी सांगावे की त्या नातवासमोर दुसरे कोणते दार उघडे होते. गावात पाण्याला हात लावता येत नाही, शाळेत बसता येत नाही, अंगावर धड कपडा घालता येत नाही, तिथे पलटणीने पगार दिला, गणवेश दिला आणि शाळा दिली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांच्या घरात पुस्तक आले ते या वाटेने. ही वाट साम्राज्याने स्वतःच्या स्वार्थासाठी काढलेली होती हे खरेच आहे. आपल्या पूर्वजांनी तिच्यावरून आपली मुले पुढे नेली हेही तितकेच खरे आहे. माणसाला कोंडणारे घरातलेच असतील, तर 'परका कोण' याची व्याख्या कोंडणाऱ्याने करू नये.

पण इथेच थांबलो तर अर्धाच धडा शिकलो. शौर्य गाजवले म्हणून हक्क मिळाले, असे ना नवाहोंच्या बाबतीत घडले, ना आपल्या. कोरेगावच्या स्तंभावर नावे कोरली गेल्यानंतरही १८९२ आलेच. इवो जिमानंतरही नवाहोला कोर्टात जावे लागले. म्हणूनच बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या स्तंभाला अभिवादन केले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर गेले. एका हाताने इतिहास धरला, दुसऱ्या हाताने हक्क मागितला. १९२८ साली सायमन कमिशनसमोर त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. लोकांना शिक्षण नाकारायचे आणि मग निरक्षर म्हणून मतही नाकारायचे, हा दुहेरी अन्याय आहे असा त्यांचा युक्तिवाद होता. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या निरक्षर आज्या चिन्ह पाहून मत देऊन आल्या, तेव्हा ॲरिझोनात इंग्रजी न येणाऱ्या नवाहो आजीला तो हक्क नव्हता. आपल्या संविधानाचे मोल यातूनही कळते.

आपण काय करायचे?

तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली, मेरिटच्या वादात दबून बोलू नका. मोजमाप मागा. कोणती पट्टी, कोणी धरली, शिकायची संधी किती दिली, हे विचारा. आणि 'तुमच्या लोकांत उपजतच ताकद असते' या कौतुकालाही भुलू नका. ते कष्टांवर पाणी टाकणारे कौतुक आहे.

दुसरी, आपल्या बोलीची लाज सोडा. शाळेत "असं गावठी बोलू नकोस" म्हणून ज्यांना गप्प बसवले त्यांना मी रोज भेटतो. ती मुले वर्गात तोंडच उघडत नाहीत. नवाहोंची भाषा टिकली ती साबणाने तोंड घासल्यावरही घरी ती बोलणारे लोक होते म्हणून. प्रमाण मराठी शिका, इंग्रजी तर जिद्दीने शिका, पण आजीच्या तोंडचे शब्द टाकून देऊ नका. त्या २९ तरुणांना दोन्ही भाषा येत होत्या, म्हणूनच त्यांना ते काम जमले.

तिसरी आणि सगळ्यात तातडीची. नवाहो कोड टॉकर्स २३ वर्षे गप्प बसले, कारण सरकारचा हुकूम होता. आपल्याला कुणाचा हुकूम आहे? आपल्या वस्त्यांमध्ये आजही अशी घरे आहेत, जिथे पणजोबा १११ व्या पलटणीत होते, आजोबा महार रेजिमेंटच्या पहिल्या भरतीत होते. लोखंडी पेटीच्या तळाशी त्यांचे पेन्शनचे कागद, बिल्ले, फोटो पडलेले आहेत. दर पावसाळ्यात त्यातले काही भिजून जातात, दर घर बदलताना काही रद्दीत जातात. या सुट्टीत आपापल्या घरी आणि शेजारी विचारा. कागदाचा फोटो काढा, मागे नाव, गाव, पलटण, साल लिहा. म्हाताऱ्या माणसांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

तो अकरावीतला मुलगा पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक सेवापुस्तक होते. आजोबांचे. घरात ते आहे हे त्याला आठवडाभरापूर्वी माहीतही नव्हते. आता वर्गमित्रांशी बोलायला त्याच्याकडे काहीतरी आहे.

जय भीम!